तारेच्या दवाखान्याची जाहिरात: नियम सांभाळून नवे पेशंट कसे आणावेत

पेपर उघडला की मधून घसरून पडणारं ते गुळगुळीत पत्रक सगळ्यांनी पाहिलेलं असतं. वर 'स्माईल मेकओव्हर', खाली लाल ताऱ्यात '५०% सूट', मध्ये कुठल्या तरी परदेशी मुलीचे मोत्यासारखे दात, आणि कोपऱ्यात 'वेदनारहित उपचार, १००% खात्री'. डॉक्टरांचं शिक्षण काय, ते कोणत्या वारी बसतात, दात सरळ करायच्या तारेला किती पैसे पडतात, मूल किती वर्षांचं झालं की न्यायचं, यातलं एक अक्षर नाही. घरातली बाई ते पत्रक दोन सेकंद बघते आणि कपाटाच्या फळीवर अंथरते.

हा लेख ऑर्थोडॉन्टिस्टसाठी, म्हणजे तार लावून दात सरळ करणाऱ्या दंतवैद्यांसाठी आहे, आणि त्यांच्या दवाखान्याचं फोन-फेसबुक सांभाळणाऱ्या माणसांसाठी. माझं म्हणणं थोडक्यात असं की आपल्याकडच्या दंतवैद्यांना नियमानं जे जाहीर करता येतं, नेमकं तेच आईबापांना हवं असतं. आणि जे करायला मनाई आहे, त्याचा फारसा उपयोगही होत नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फी. ती लपवायची सवय सोडली तर अर्धं काम होतं.

आधी नियम, मग डिझाइन

दंतवैद्यक हा दुकानाचा धंदा नाही, निदान कागदावर तरी. डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाची २०१४ची सुधारित आचारसंहिता आहे. तिच्यानुसार प्रत्यक्ष किंवा आडमार्गानं पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करणं हे नीतिबाह्य वर्तन ठरतं. मात्र काही गोष्टींची वर्तमानपत्रातून रीतसर घोषणा करता येते: नवा दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, प्रॅक्टिसचं स्वरूप बदललं, काही काळ बाहेरगावी आहात, परत आलात, दुसऱ्याची प्रॅक्टिस चालवायला घेतली, आणि आपल्या फीची जाहीर घोषणा. ही शेवटची बाब बहुतेक जण विसरतात.

शिवाय अवाजवी मोठा बोर्ड लावू नये, ओळख पटेल असा पेशंटचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय छापू नये, पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देऊ-घेऊ नये, आणि पदवी नसताना विशेषज्ञ म्हणवून घेऊ नये. या शेवटच्या मुद्द्यावर गावोगाव ढिलाई दिसते. ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचं एम.डी.एस. (पदव्युत्तर पदवी) केलेला माणूस वेगळा आणि बी.डी.एस.नंतर (दंतवैद्यकाच्या पहिल्या पदवीनंतर) शनिवार-रविवारचा कोर्स केलेला वेगळा. एम.डी.एस. असाल तर ते शब्दांत लिहा, हीच तुमची सगळ्यात भक्कम ओळ. नसाल आणि तारेसाठी बाहेरून विशेषज्ञ येत असतील, तर त्यांचं नाव, शिक्षण आणि येण्याचे वार लिहा.

'नंबर वन', 'खात्रीशीर', 'सहा महिन्यांत दात सरळ' असली वाक्यं ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कचाट्यात सापडू शकतात. भ्रामक जाहिरातीला त्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दंत परिषदेचं पत्र येणं हा निराळा मनस्ताप.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे भरून केलेला प्रचार या चौकटीत कुठे बसतो यावर दवाखान्यांत मतं वेगवेगळी आहेत. माझा सल्ला सावधपणाचा आहे: माहिती द्या, बोलावणी करू नका, आणि मजकुराबद्दल शंका असली तर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेला लेखी विचारून उत्तर जपून ठेवा. १९४८च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेनं २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला आहे, त्यामुळे नियमावलीही बदलू शकते. मोठी छपाई करण्याआधी त्या दिवशी लागू असलेला नियम वाचून घ्यावा.

जाहिरात कोण वाचतं

तार मुलाच्या दाताला लागते, पण जाहिरात आई वाचते आणि पैसे बहुधा बाबा देतात. कधी कधी आजीही मध्ये असते, 'वयात आल्यावर आपोआप बसतात' म्हणणारी. तिघांचे प्रश्न वेगळे.

आईला विचारायचं असतं: आत्ता न्यायचं की थांबायचं? दुखेल का? दहावीच्या वर्षी सुरू केलं तर अभ्यासाचं काय? बाबांचा प्रश्न एकच, एकूण किती आणि एकरकमी का. मुलाचा प्रश्न कुणी विचारतच नाही: शाळेत चिडवतील का, आणि क्रिकेट खेळता येईल का.

दुसरा गट लग्नाच्या वयातल्या मुलामुलींचा. यांना बहुतेक वेळा घाई असते. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, आणि ऑक्टोबरमध्ये येऊन 'फेब्रुवारीत लग्न आहे' म्हणणारे दरवर्षी भेटतात. दीड-दोन वर्षांचं काम चार महिन्यांत होत नाही, हे त्यांना आधीच कळावं म्हणून या गटाची माहिती लग्नसराईच्या दोन वर्षं आधीच्या वयाला लिहायची. म्हणजे कॉलेजचं शेवटचं वर्ष, पहिली नोकरी.

तिसरा गट तिशी-चाळिशीतला. लहानपणी राहून गेलं, आता स्वतःचे पैसे आहेत, पण ऑफिसात तार दिसायला नको. यांना अलायनर (काढता-घालता येणारे पारदर्शक साचे), सिरॅमिक (दातांच्या रंगाशी मिळतीजुळती) आणि दातांच्या आतल्या बाजूनं लावायची तार यातला फरक हवा असतो. हिरड्या नीट नसतील तर आधी त्यांचा उपचार करावा लागतो, हेही यांना सांगायला हवं.

एका जाहिरातीत एकच गट घ्या. तिन्ही एकत्र घेतले की पुन्हा ते परदेशी मुलीचं पत्रक तयार होतं.

लोकांच्या तोंडचे शब्द

'मॅलॉक्लूजन', 'फिक्स्ड मेकॅनोथेरपी' हे शब्द परीक्षेच्या पेपरात राहू द्या. लोक म्हणतात: दात पुढे आहेत, दातावर दात आलाय, मध्ये फट आहे, सुळा वर चढलाय, खालचा जबडा पुढे आहे. तारेला कुणी 'क्लिप' म्हणतं, कुणी 'तार', शहरात 'ब्रेसेस'. जाहिरातीत तिन्ही एकदा एकदा येऊ द्या, कारण गूगलवर शोधणारा 'दात पुढे आले उपाय' असं टाइप करतो किंवा इंग्रजी अक्षरांत 'टीथ क्लिप प्राइस'.

सगळ्यात चांगला मजकूर तुमच्या रिसेप्शनवर रोज फुकट तयार होत असतो. फोनवर आलेला प्रत्येक पहिला प्रश्न आठवडाभर वहीत जसाच्या तसा उतरवायला सांगा. 'मॅडम, दुधाचा दात पडलाच नाही आणि मागून दुसरा आलाय' हे वाक्य कुठल्याही एजन्सीच्या कॉपीरायटरला सुचणार नाही. तेच तुमचं शीर्षक.

एक पथ्य पाळा. 'तुमचे दात वाकडे आहेत का?' असा बोट दाखवणारा प्रश्न टाळा. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाच्या धोरणात वाचणाऱ्याच्या व्यक्तिगत शारीरिक स्थितीवर बोट ठेवणारा मजकूर नाकारला जातो, आणि नाकारला नाही तरी वाचणाऱ्याला तो टोचतोच. 'दुधाचे दात पडून नवे येताना काय पाहावं' हे सांगा, ज्याला लागू आहे तो ओळखतो.

फी कशी जाहीर करायची

डॉक्टर फी लिहायला घाबरतात याची दोन कारणं. शेजारचा कमी लिहील ही एक भीती, आणि प्रत्येक केस वेगळी असते ही दुसरी. पहिली खरी आहे, तिच्यावर औषध नाही. पण फी लपवल्यानं शेजारी महाग होत नाही. दुसरीवर उपाय आहे: काय धरलंय आणि काय धरलेलं नाही, हे लिहायचं.

समजा धातूच्या तारेची दोन्ही जबड्यांची फी ४५,००० रुपये आहे. सुरुवातीला ९,००० आणि उरलेले ३६,००० दरमहा २,००० प्रमाणे १८ हप्त्यांत. हे दोन आकडे छापले की बाबांचा प्रश्न मिटतो. मग त्याच चौकटीत लहान पण वाचता येईल अशा अक्षरांत लिहायचं:

- ओपीजी (सगळ्या दातांचा एक्स-रे) आणि बाजूनं काढायचा सेफॅलोग्राम (डोक्याचा एक्स-रे) यांचे पैसे यात आहेत की वेगळे
- जागा करण्यासाठी दात काढावे लागले तर त्याची फी कुणाची
- ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा तुकडा) निघालं तर पुन्हा चिकटवायचे पैसे पडतात का, कितव्यांदा पडतात
- तार काढल्यावर लावायचा रिटेनर यात आहे का
- ठरल्यापेक्षा काळ लांबला तर पुढचे हप्ते लागतात का

रिटेनरची ओळ कधीही गाळू नका. तार काढल्यावर तो वापरला नाही तर दात पुन्हा सरकतात, आणि दोन वर्षांनंतर 'आणखी पाच हजार' ऐकलेला बाप गल्लीभर सांगत फिरतो. सिरॅमिक आणि अलायनरची फी 'इतक्यापासून पुढे' अशी लिहिली तर चालेल, पण त्या 'पासून'च्या आकड्यात खरंच कुणाचा तरी उपचार व्हायला हवा. दाखवायला ठेवलेला आकडा पहिल्या भेटीतच उघडा पडतो.

सवलतीबद्दल: 'फक्त या रविवारपर्यंत', 'दोघांना एकाच्या किमतीत' वगैरे नकोच. नियमाचा प्रश्न आहेच, शिवाय जी गोष्ट दोन वर्षं तोंडात राहणार आहे तिला सेल लावला की माणूस बिचकतो. मला विचाराल तर 'मोफत तपासणी'ही नको. ३०० रुपये देऊन येणारा पेशंट प्रश्न घेऊन येतो, आणि फुकट आलेल्याला वाटतं की आता गळ्यात तार मारणार.

मजकुराचा एक नमुना

नवा दवाखाना, बदललेला पत्ता किंवा फीची घोषणा अशा निमित्तानं वर्तमानपत्रात द्यायची छोटी चौकट साधारण अशी दिसेल:

> दुधाचे दात पडताहेत, नवे येताहेत. तार कधी लावायची?
> बहुतेक मुलांना तार ११ ते १४ या वयात लावतात. काहींना त्याआधी काढता-घालता येणारं उपकरण लागतं, काहींना काहीच लागत नाही. कोणतं ते तपासून सांगता येतं.
> तपासणी: ₹ ३००. एक्स-रे लागल्यास आधी विचारून, खर्च वेगळा.
> धातूची तार, दोन्ही जबडे: ₹ ४५,०००. सुरुवातीला ₹ ९,०००, मग दरमहा ₹ २,०००. रिटेनर धरून.
> काळ: साधारण दीड ते दोन वर्षं. महिन्याला एक फेरी.
> डॉ. ———, एम.डी.एस. (ऑर्थोडॉन्टिक्स), नोंदणी क्र. ———
> मंगळवार व शुक्रवार संध्या. ५ ते ८, रविवार सकाळी ९ ते १
> जुन्या बस स्टँडच्या मागे, पहिला मजला, लिफ्ट आहे. फोन ———

यातली 'काहींना काहीच लागत नाही' ही ओळ डॉक्टर पहिल्यांदा खोडतात. खोडू देऊ नका. त्या एका ओळीमुळे आईला वाटतं की हा माणूस खरं सांगेल. वेळ शाळा आणि ऑफिस सुटल्यानंतरची हवी. महिन्याला एक फेरी म्हणजे दोन वर्षांत वीस-बावीस वेळा यायचं आहे, तेव्हा 'सकाळी १० ते १' लिहिलेलं वाचून नोकरी करणारी आई पान उलटते.

वयाबद्दल आणखी एक. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करावी असं सुचवते, कारण तेव्हा पुढचे पक्के दात आणि पहिल्या पक्क्या दाढा येऊ लागलेल्या असतात आणि जबड्याचा कल दिसतो. ही माहिती द्या, पण तिचा बागुलबुवा करू नका. सातव्या वर्षी तपासणी म्हणजे सातव्या वर्षी तार नव्हे, हे त्याच वाक्यात यायला हवं.

फोटो

उपचाराआधीचा आणि नंतरचा फोटो हा तारेच्या दवाखान्याचा सगळ्यात मोठा ऐवज, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच. आधीचा फोटो ट्यूबलाइटखाली, ओठ ताणून काढलेला. नंतरचा खिडकीच्या उजेडात, लिपस्टिक लावून. वाचणाऱ्याला काही तरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. उजेड, अंतर, कोन आणि पार्श्वभूमी तीच ठेवा. रंग उजळू नका. खाली लिहा: वय, काय त्रास होता, कोणती तार, किती महिने, दात काढले की नाही. 'वय १३, सुळा वर, धातूची तार, २१ महिने, दात काढले नाहीत' एवढी ओळ फोटोपेक्षा जास्त बोलते.

गालात प्लास्टिकचे रिट्रॅक्टर (गाल-ओठ ताणून धरणारे) घालून काढलेले, हिरड्यांसकट सगळं दाखवणारे फोटो केस पेपरसाठी. मोबाइलवर ते बघून लोक अंगठ्यानं वर सरकवतात.

परवानगी लेखी घ्या, आणि नेमकी घ्या: फोटो कुठे वापरणार, किती काळ, चेहरा दिसणार की फक्त दात, आणि परवानगी मागे घेतली तर किती दिवसांत काढणार. मूल अठराच्या खाली असेल तर पालकांची सही, आणि मुलालाही विचारा. आठवीतल्या मुलीचा जुना फोटो वर्गातल्या ग्रुपवर फिरला तर तिच्या आईची सही तिच्या काय कामाची? यंत्रानं तयार केलेले 'नंतर'चे फोटो तर पेशंटचा निकाल म्हणून अजिबात वापरू नयेत.

कुठे द्यायची

सुरुवात गूगलवरच्या दवाखान्याच्या नोंदीपासून, कारण ती फुकट आहे आणि 'जवळचा ऑर्थोडॉन्टिस्ट' शोधणारा माणूस आधीच निघालेला असतो. प्रकारात नुसतं 'डेंटिस्ट' न निवडता 'ऑर्थोडॉन्टिस्ट' निवडा. वेळा खऱ्या टाका, गणपती-दिवाळीच्या सुट्ट्यांसकट. जिना, दार, पार्किंग आणि आतली खुर्ची यांचे फोटो टाका. जिन्याचा फोटो बघून पत्ता सापडतो. अभिप्राय मागायला हरकत नाही, पण त्याच्या बदल्यात सूट किंवा भेटवस्तू देणं गूगलच्या नियमात बसत नाही. वाईट अभिप्रायाला उत्तर देताना त्या माणसाच्या उपचाराचा तपशील जाहीरपणे लिहू नका, तो कितीही खोटं बोलत असला तरी.

इन्स्टाग्राम-यूट्यूबवर एका प्रश्नाला एक छोटा व्हिडिओ. तार टोचली तर मेण कसं लावायचं, हा व्हिडिओ शंभर 'स्माईल मेकओव्हर'पेक्षा जास्त फिरतो, कारण तार लावलेली मुलं तो एकमेकांना पाठवतात. डॉक्टरांनी स्वतः बोलावं, मराठीतच, आणि घरी बोलतात तसं. ब्रश नीट केला नाही तर तार काढल्यावर दातांवर पांढरे डाग दिसतात, असल्या न आवडणाऱ्या गोष्टीही सांगाव्यात.

पैसे भरून दाखवणार असाल तर पालकांच्या वयाच्या लोकांना, आणि दवाखान्यापासून पाच-सात किलोमीटरच्या आत. त्यापुढचा माणूस दर महिन्याला येणार नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास मनाई आहे. मुलांच्या मागे लागू नये, हे कायद्याशिवायही कळायला हवं.

वर्तमानपत्राची चौकट जिल्ह्याच्या गावात अजून चालते, मात्र तीच चौकट तीन-चार रविवार सलग द्यावी लागते. रिक्षाच्या पाठीवर, केबलच्या पट्टीवर आणि मंडळाच्या कमानीवर माझा विश्वास नाही. तिथे फक्त नाव दिसतं, तार लावण्याचा निर्णय काही नाव बघून होत नाही.

शाळेतली तपासणी करत असाल तर ती खरी तपासणी असू द्या. किडलेले दातही बघा, पालकांसाठी एक चिठ्ठी द्या, आणि चिठ्ठीवर 'आपल्या नेहमीच्या दंतवैद्यांना दाखवा' असं लिहा.

त्या नेहमीच्या दंतवैद्यांवरून आठवलं. तारेचे बरेचसे पेशंट कुणा डॉक्टरच्या चिठ्ठीनं येतात. कमिशन द्यायचं नाही, मग काय द्यायचं? पत्र. पेशंट पोचला, असं असं ठरलं, किडलेली दाढ तुमच्याकडेच भरायला पाठवतोय, असं एक पान. दर सहा महिन्यांनी पुन्हा एक. हे करणारे ऑर्थोडॉन्टिस्ट मोजके आहेत आणि त्यांना पत्रकं वाटावी लागत नाहीत.

हंगाम: मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा संपतात, मेमध्ये विचारपूस वाढते, जूनमध्ये शाळेच्या फीनं खिसा रिकामा होतो. म्हणून मजकूर फेब्रुवारीत तयार हवा. दुसरी लाट दिवाळीच्या सुट्टीत.

फोन कोण उचलतं

सगळं जमलं आणि फोनवर असं झालं तर?

'तारेला किती खर्च येतो?'
'ते डॉक्टर बघून सांगतील.'
'अंदाजे?'
'असं नाही सांगता येत.'

संपलं. तीच फी जाहिरातीत छापलेली असेल आणि रिसेप्शनवर माहीत नसेल, तर आणखी वाईट. त्याऐवजी: 'ताई, धातूची तार ४५,००० ला पडते, हप्त्यांनी देता येते. मुलगा केवढा आहे? नऊ? मग कदाचित आत्ता लागणारही नाही, पण एकदा दाखवून घ्या. डॉक्टर मंगळवारी पाचपासून आहेत, साडेपाच चालेल?' वय विचारायचं, दोन वेळा सुचवायच्या, पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवायचा. चुकलेल्या फोनला त्याच दिवशी उलटा फोन करायचा; संध्याकाळी गर्दीत न उचललेले फोन बहुतेक नव्या लोकांचेच असतात.

हिशेब

वहीत पाच रकाने: तारीख, नाव, कुठून कळलं, तपासणीला आले का, तार लावली का. 'कुठून कळलं' हे पहिल्याच फोनवर विचारायचं, नंतर कुणाला आठवत नाही.

समजा चार रविवारच्या चौकटीला १२,००० गेले. फोन आले २०, तपासणीला ९, तार लावली ३ जणांनी. एका पेशंटमागे ४,००० पडले. ४५,०००च्या कामात ते परवडतात का हे तुमच्या खर्चावर ठरेल, पण निदान आकडा हातात आहे. फोन भरपूर आणि तपासणीला कमी, तर खोट रिसेप्शनवर किंवा वेळांत. तपासणी भरपूर आणि तार कमी, तर खुर्चीपाशी काही तरी बिनसतंय. बहुधा छापलेली फी आणि सांगितलेली फी यांत अंतर आहे. 'लाइक' मोजू नका.

निकाल लगेच धरू नका. तार हा घरात बोलून, परीक्षा बघून, बोनसची वाट बघून घ्यायचा निर्णय असतो. जानेवारीत चौकट वाचलेली आई मेमध्ये फोन करते. म्हणून तीन महिने वही भरल्याशिवाय एखादी जाहिरात फसली असं ठरवू नये, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी: शीर्षक, नाही तर जागा, नाही तर दिवस.

छापलेल्या प्रत्येक मजकुराची प्रत तारखेसह फाइलला लावा. फोटोंच्या परवानगीपत्रांसाठी त्याच फाइलमध्ये वेगळा भाग करा. फी वाढवली की त्या दिवसापासून जुनी चौकट, गूगलची नोंद, व्हिडिओखालचा मजकूर आणि रिसेप्शनवरचा कागद, चारही एकाच दिवशी बदलायचे. आधीच्या आकड्यावर तपासणी करून गेलेल्यांना महिनाभर तोच आकडा द्यायचा, आणि तसं त्यांच्या केस पेपरवर लिहून ठेवायचं.